शेवटची सात पानं

आदरणीय अध्यक्ष टेकचंदजी, आमच्या दुकानाचे मालक भैय्यालालजी, ज्यांच्यासाठी आपण सारे इथे जमलो ते आजचे सत्कारमूर्ती पुंडलिकराव काकाजी, त्यांच्या शेजारी बसलेल्या निर्मलाकाकू, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, आणि पवनी, कोंढा अन् आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या, आमच्या दुकानातून पुस्तकं नेणाऱ्या माझ्या माय-बहिणींनो आणि बंधूंनो.

इथवरचं आमच्या दुकानातल्या जागेश्वरभाऊच्या भाषणातलं आहे. चार दिवस ते दुकानात पाठ करून राहिले होते, ऐकून ऐकून मलेही आलं. पुढचं माहं आहे.

काय म्हटलं? जोरात बोलू? हो जी. जवळ घेतला माईक. आता येऊन राहिलं?

मी कुंता. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मले पाहिलं असंल, पण बोलताना पाहिलं नसंल. दुकानात मागच्या बाजूले वह्यायले पुठ्ठे चिकटवते ती मीच. सातवीत शाळा सुटली, माय धानाच्या रोवणीले जायची, घरी लहान भाऊ होता. तीन वर्षं झाली मले दुकानात. तीन वर्षांत मी गिऱ्हाइकासोबत तीन वाक्यं बोलली असंल तर खूप. जागेश्वरभाऊ म्हणतेत, "हिले काही विचारायचं असंल तर कागदावर लिहून द्या." आज त्यायनंच माहं नाव घेतलं, "दुकानातर्फे कुंता दोन शब्द बोलेल." ते मजाक करून राहिले होते. मी उठंल असं त्यायले वाटलं नाई.

मी काहून उठली ते सांगते. मघाशी एक पाहुणे बोलले. चांगलं बोलले. पण मधातच हसत हसत म्हणाले, "पुंडलिकरावांचा अनुभव एवढा दांडगा, की आताआता तर ते पुस्तकाचा वास घेऊनच चिठ्ठी लिहीत." सारे हसले. टाळ्या पडल्या. काकाजीही हसले. काकाजी हसले म्हणून मी उठली.

नवीन लोकायसाठी चिठ्ठीचं सांगतलं पाहिजे. आमच्या दुकानात शाळेची पुस्तकं, वह्या, पाट्या, दऊत हे तर आहेच. पण काकाजी ज्या गल्ल्यावर बसत त्याच्या बाजूले एक फळी होती. नागपूरहून नव्या कादंबऱ्यायचा गठ्ठा आला की पयले त्या विकायच्या नाईत. दुकानातल्या माणसांनी वाटून घ्यायच्या, वाचायच्या, अन् आवडली तरच एक चिठ्ठी लिहून आत ठेवायची अन् पुस्तक फळीवर उभं करायचं. चिठ्ठीवर नाव. कोणाले आवडंल ते. अन् शेवट कसा आहे ते, म्हणजे गोष्ट फोडायची नाई, पण शेवट गोड का कडू एवढं सांगायचं. काकाजी म्हणत, "माणूस चार दिवस जीव लावून वाचते. कुठं जाऊन राहिलो एवढं तर त्याले माहीत पाहिजे ना."

अन् कायदा एकच. शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय चिठ्ठी नाई. हा कायदा काकाजीचा. बावीस वर्षांचा.

जागेश्वरभाऊच्या चिठ्ठ्या तुमाले माहीत आहेत. "खून तिसऱ्याच पानावर. घेऊन टाका." "यात खून नाई, पण व्हायले पाहिजे होता." काकाजीच्या अशा नसत. "पहिली चाळीस पानं जड जातील. धीर धरा." "सासूनं अन् सुनेनं वेगवेगळी वाचावी." एका पुस्तकात तर लिहिलं होतं, "ज्याचं भावाशी पटत नाई त्यानं जरूर वाचावी," अन् ते पुस्तक पवनीतल्या दोन सख्ख्या भावायनं एकाच बाजारच्या दिवशी मागतलं. आमच्याकडे एकच प्रत होती. हसा, हसा. ते दोघंही बसले आहेत इथं.

म्हणजे लोक लेखकाचं नाव नाई पाहत. "पुंडलिकरावची चिठ्ठी आहे का त्यात?" असं विचारत. 

आता जे सांगते ते काकाजीनं मले सांगू नको म्हटलं होतं. मी त्यायचा शब्द मोडून राहिली. काकाजी, तुमी रागवा मंग.

दोन वर्षांपासून काकाजीले अक्षर दिसत नाई. माणूस दिसते, दार दिसते, बैल दिसते. अक्षर नाई. नागपूरच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगतला, गेलेलं येत नाई म्हणे. दुकानात कोणाले माहीत नव्हतं. पुस्तकायच्या जागा त्यायले पाठ होत्या, गिऱ्हाइकाचा आवाज ओळखत, गल्ल्यावर पुस्तक उघडं धरून बसत. भैय्याजी, तुमालेही आजच समजून राहिलं. मी पाहून राहिली तुमच्या तोंडाकडे.

मंग कोणी म्हणंल, म्हणजे न वाचताच चिठ्ठ्या लिहिल्या ना? नाई जी. तेच तर सांगायले आली. त्यायनं एकही पुस्तक सोडलं नाई. मी वाचून दाखवलं.

दुपारी दुकान सुनं राहते. रोवणीच्या दिवसांत तर बाजारचा दिवस सोडून माणूस फिरकत नाई. जागेश्वरभाऊ जेवायले घरी जात. मंग मागं, कोऱ्या कागदाचे रीम रचले आहेत ना, त्याच्या आड आमी बसत होतो. मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. मले जोडाक्षरं जड जातात. म्हणून मी घरी पुढची पानं वाचून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी अडखळाव नाई. काकाजी कधी म्हणायचे, "थांब, ते वाक्य आणखी एकदा." कधी म्हणायचे, "हा लेखक घाई करून राहिला, कुंते. तू नको करू." दोन वर्षांत एकवीस कादंबऱ्या झाल्या आमच्या. काकाजीनं एक ओळ गाळू नाई दिली. "पाऊस पडत होता" असं दोन पानं असलं तरी दोन्ही पानं. मी म्हणायची, "काकाजी, निसता पाऊसच आहे." ते म्हणत, "असू दे. त्यानं लिहिला आहे ना, मंग आपण भिजू."

चिठ्ठी ते तोंडानं सांगत, मी लिहीत होती. खाली 'पुंडलिक' असं मीच लिहीत होती.

आता गेल्या पावसाळ्यातलं. गठ्ठ्यात एक हिरव्या पुठ्ठ्याची कादंबरी आली. नाव मी घेत नाई. लेखकाचा काही कसूर नाई, उलट इतकी चांगली कादंबरी मी दुसरी वाचली नाई. एक बाप अन् त्याची एकुलती एक लेक. दोघायचं भांडण अन् प्रेम. काकाजी तर त्या बापात असे गुंतले, की दुकानात गिऱ्हाइकाले वही देता देता मले हळूच विचारत, "काय गं, पोरगी अजून बोलली का त्याच्याशी?" बारा दिवस चाललं वाचन. मंग गोष्टीतल्या लेकीचं लग्न झालं, तिले दिवस गेले. बापलेकीचं बोलणं सुरू झालं. काकाजी त्या दिवशी घरून माह्यासाठी भाजलेल्या शेंगा घेऊन आले. म्हणे, "आज आपल्या घरी गोड झालं."

त्याच दिवशी मी घरी शेवटची सात पानं वाचली.

त्यात ती लेक बाळंतपणात जाते. दवाखान्यात. बाप बाहेर बाकावर बसून राहते.

पवनीतल्या मोठ्या माणसांना माहीत आहे, लहानांना नसंल. काकाजीची अन् निर्मलाकाकूची एक मुलगी होती, रुखमा. आंबागडले दिली होती. पयल्या बाळंतपणात गेली. मी तेव्हा जन्मलेलीही नव्हती. मले माह्या मायनं सांगतलं. काकाजीच्या तोंडून मी तिचं नाव कधीच ऐकलं नाई.

आता तुमी सांगा, मी काय करायले पाहिजे होतं? पुस्तक हरवलं म्हणायचं? पानं फाडायची? मी साऱ्या रस्त्यानं इचार करत गेली. अन् दुपारी कागदाच्या आड बसली, पुस्तक उघडलं, अन् खोटं वाचलं.

हो. खोटं वाचलं. डोळे कागदावर, अन् तोंडानं मनातलं. वेळेवर पान उलटत होती, म्हणजे आवाज यावा. मी सांगतलं की बाप बाकावर बसला आहे, आतून पोराचं रडणं आलं, नर्स बाहेर आली, अन् म्हणाली, बाबा, दोघंही बरे आहेत, आत या. बाप आत गेला. लेक म्हणाली, बाबा, याचं नाव तुमी ठेवा. मी एवढं बोलणारी पोरगी नाई. त्या दिवशी कुठून आलं काय माहीत.

काकाजीनं चष्मा काढला, धोतरानं पुसला. ज्या चष्म्यातून काही दिसत नाई तो पुसला. मंग म्हणाले, "बरं केलं त्यानं. मले वाटलं होतं, पोरीले मारते आता."

मी तेव्हा बोलायले पाहिजे होतं. नाई बोलली.

मंग म्हणाले, "लिही चिठ्ठी. गर्भारशीच्या घरीही चालेल. शेवट सुखाचा. पुंडलिक."

तेव्हा तरी बोलायले पाहिजे होतं. मी चिठ्ठी लिहिली. याच हातानं. 'शेवट सुखाचा.' वाटलं, फळीवर कोपऱ्यात ठेवते, कोणी नेणार नाई, मंग हळूच काढून घेईन.

बाजारच्या दिवशी कोंढ्याहून सुलोचनाबाई आल्या. सुलोचनाबाई, तुमी तिसऱ्या रांगेत बसल्या आहात, मले दिसून राहिलं. मी सांगताना चुकली तर तुमी टोका. तुमी म्हणाल्या, "पुंडलिकराव, आमची मंगला पयल्या बाळंतपणाले आली आहे. सातवा सरला. आमी दुपारी तिले वाचून दाखवतो. भेव वाटंल असं काही देऊ नका बापा."

काकाजीनं फळीकडे न पाहताच हात घातला अन् तेच पुस्तक काढून दिलं. "हे न्या. मी स्वतः सांगतो, बिनघोर न्या. बाप-लेकीचं आहे, अन् शेवटी सारे घरी येतात."

मी तीन हातांवर उभी होती. हातात खळीचा ब्रश. सुलोचनाबाईनं पिशवीत पुस्तक टाकलं, वर कांदे टाकले, अन् गेल्या. मी निसती पाहत राहिली. मले भर दुकानात बोलता येत नाई म्हणून नाई बोलली, असं मी खूप दिवस स्वतःले सांगतलं. ते खरं नाई. काकाजीले समजंल म्हणून नाई बोलली.

पुढचं सुलोचनाबाईनं दुकानात येऊन सांगतलं, तेव्हा वीसएक माणसं तिथं होती. दीड महिन्यानं आल्या. पुस्तक गल्ल्यावर आपटलं.

"पुंडलिकराव, ही चिठ्ठी तुमची?"

"माहीच आहे, बाई."

"शेवटचं पान वाचलं होतं तुमी? का निसतं वर वर चाळून आमच्या गळ्यात बांधलं? माह्या लेकीनं तो शेवट ऐकला अन् त्या दिवसापासून दवाखान्याचं नाव काढू नाई दिलं. कळा सुरू झाल्या तर चौकटीले धरून उभी. म्हणे, तिथं गेली ते परत नाई आली, मले घरीच मरू द्या. चार तास, पुंडलिकराव! चार तास आमी तिचे हात सोडवून राहिलो. मंग खासराले बैल जुंपले, त्यात टाकून नेलं, तर रस्त्यातच झाली. देवाची कृपा, दोघंही वाचले. नसते वाचले तर ही चिठ्ठी मी कुठं लावली असती? सांगा ना!"

काकाजीनं ते पुस्तक हातात घेतलं. शेवटचं पान उघडलं. डोळ्याजवळ नेलं. मंग एकदाच माह्या बाजूनं मान वळवली. एकदाच. मले वाटलं, आता म्हणतील, ही पोट्टी वाचून दाखवते, हिले विचारा. मी ब्रशाकडे पाहत होती.

काकाजी म्हणाले, "चुकलं, बाई. शेवट पाहायचा राहून गेला."

ज्या माणसानं बावीस वर्षं एक ओळ सोडली नाई, तो साऱ्यायसमोर म्हणाला, पाहायचं राहून गेलं.

सुलोचनाबाई रडत गेल्या, पुस्तक तिथंच सोडून. अन् बाजारात ते बोलणं पसरायले किती वेळ लागते? "म्हातारा न वाचताच शिफारस करते." "वास घेऊन चिठ्ठी लिहिते." भैय्याजी, तुमी वाईट नाई बोलले. "पुंडलिकराव, आता आराम करा" एवढंच म्हणाले. फळी काढली, तिथं कॅलेंडरं लावली. दुकान तुमचं आहे, मी काय बोलू. पण आजच्या पत्रिकेत छापलं आहे, 'वयोमानानुसार सेवानिवृत्त.' ते खरं नाई. त्यायले माह्या खोट्यानं घरी बसवलं.

जागेश्वरभाऊ, थांबा, खुणा करू नका, झालंच माहं.

सगळे गेल्यावर काकाजी मले रागवतील असं वाटलं. रागवले असते तर बरं झालं असतं. त्यायनं मले एकच विचारलं, "कुंते, तू नीट ऐकलं ना? पोरगी बरी आहे म्हणाली ना ती?" मी म्हटलं, "हो." "अन् पोर?" "पोरही बरं आहे." बस्स. त्यानंतर दुपारी ते कागदाच्या आड आले नाईत. गल्ल्यावरच बसून राहिले. दोन गठ्ठे आले नव्या कादंबऱ्यायचे. मले एक ओळ वाच म्हणून म्हटलं नाई. मी दोनदा पुस्तक घेऊन बाजूले जाऊन उभी राहिली. म्हणाले, "राहू दे पोरी, पुठ्ठे वाळून जातील तुझे."

सुलोचनाबाई, तुमी काकाजीले जे बोलल्या ते सारं माहं होतं. तुमची लेक चौकटीले धरून उभी होती ते माह्यामुळं. मंगलाबाई आली आहे का संगं? नाई? बरं. तिच्या घरी मी येईन, तिनं दारातच उभं ठेवलं तरी चालंल. तुमी काकाजीसोबत बोला, एवढंच म्हणते. चिठ्ठी त्यायची होती, पण खोटं त्यायचं नव्हतं. त्यायनं पूर्ण ऐकूनच दिलं होतं तुमाले.

भैय्याजी, मले कामावरून काढायचं असंल तर काढा. माही माय मागं बसली आहे, तिले आजच समजून राहिलं. माय, तू रडू नको.

हे ते पुस्तक. सुलोचनाबाईनं सोडलं तेव्हापासून माह्याजवळ आहे. चिठ्ठी आतच आहे. काकाजी, कायदा तुमचा होता. शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय चिठ्ठी नाई. तुमाले या पुस्तकाची सात पानं अजून कोणी वाचून दाखवली नाईत. मी उद्या दुपारी तुमच्या घरी येते. जसं छापलं आहे तसं वाचते. तुमी थांब म्हटलं तर थांबीन, पण बदलणार नाई. येऊ का?

काय म्हणाले? माईकमधून नाई आलं. जागेश्वरभाऊ, काय म्हणून राहिले ते?

आता? इथंच?

काकाजी, इथं एवढे लोक आहेत. मागं पोह्याच्या प्लेटा भरून ठेवल्या आहेत. अन् निर्मलाकाकू... काकू, तुमी? त्यात काय आहे ते तुमी आता ऐकलंच. तुमाले चालते का?

काकूनं खुर्ची सरकवली त्यायच्याजवळ.

बरं जी. अध्यक्ष महाराज, सात पानंच आहेत. तुमची परवानगी असंल तर... हो म्हणाले. ज्यायले ऐकवत नसंल त्यायनं बाहेर जा, मी वाईट नाई मानणार. सुलोचनाबाई, तुमी उठल्या तरीही नाई मानणार. तुमी बसून राहिल्या, तुमचे उपकार.

तुमी सगळ्यायनं माहं एवढं ऐकून घेतलं, मी आभारी आहे. भैय्याजीचे आभार, जागेश्वरभाऊचे आभार. अध्यक्ष महाराज, काकाजीचा समारंभ होता अन् मी माहंच रडगाणं लावलं, लहान समजून पोटात घाला. बोलण्यात कोणाले कमी-जास्त झालं असंल तर त्याची माफी मागते. अन् आता वाचताना कुठं जोडाक्षराले अडखळली तर त्याचीही आताच मागून ठेवते, कारण मधात मले थांबता येणार नाई.

काकाजी, पान दोनशे एकतीस. वरून तिसरी ओळ.